पूर्णेहून निघून पूर्णेलाच

गार्डमामांना रेल्वेच्या नकाशात रूळ दिसायचे नाहीत, गोल दिसायचे. ओट्यावर नकाशा पसरून ते पूर्णेवर बोट ठेवायचे आणि एकदाही मागं न फिरता परत पूर्णेला कुठून येता येतं, ते शोधत बसायचे. त्यातही त्यांना सगळ्यात लहान गोल हवा असायचा. जन्मभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात हिरवा-लाल झेंडा सांभाळलेला माणूस रिटायर झाल्यावर पासावर देवदेव करील, का हे? मी शेजारीण, त्यात तोंडाची फटकळ. एकदा विचारलंच, "मामा, डोकं फिरलं का तुमचं?"

"माझं न्हाई गं," म्हणाले आणि घरात बघायला लागले.

घरात मामी होत्या. त्यांना विसर पडायला लागून दोनेक वर्षं झाली होती. कपड्यांचं गाठोडं बांधून त्या स्वतःच्याच उंबऱ्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, "लय दिवस झाले, मला माझ्या घरी नेऊन सोडा." झरीला त्यांचं माहेर. मामांनी तिथंही नेऊन पाहिलं. दारातूनच मामी म्हणाल्या, "हे न्हाई." मग अन्न सोडलं. बाई डोळ्यांदेखत वाळत चालली.

असंच एकदा दोघं हिंगोलीवरून अकोल्याला लग्नाला गेले होते. येताना हिंगोलीची गाडी रद्द झाली, म्हणून भुसावळ, मनमाड, जालना, परभणी असं फिरून घरी आले. मामी रिक्षातून उतरल्या, दार बघितलं आणि "आलं बाई घर," म्हणून पोटभर जेवल्या. आठवडाभर गाठोडं सुटलेलं राहिलं. पण गेल्या वाटेनं परत आणलं, की त्यांना बरोबर कळायचं. "मला माघारी न्यायलेत," म्हणून रडायच्या. म्हणून मामांना गोल हवा होता. आणि लहान हवा होता, कारण ते हाडांचं गाठोडं लांबच्या प्रवासाला टिकणारं नव्हतं.

दुसरा गोल त्यांनी गंगाखेड, परळी, बिदर, सिकंदराबाद, निजामाबाद, नांदेड असा काढला. "ह्यो त्याच्याहून लहान हाय," असं खुशीत सांगून गेले आणि परळीतच अडकले. तिथं इंजिन काढून गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावतात. गाडी उलटी चालायला लागली तशी मामींनी दाराचा दांडा धरला, तो सोडेनात. पुढच्या स्टेशनावर त्यांना उतरवून घ्यावं लागलं. "सारी उमर गाडीच्या शेपटाला बसलो," मामा मला म्हणाले, "इंजिन कुठं लागतंय ते ध्यानातच आलं न्हाई." स्वतःवरच हसले.

त्यानंतर मामींना धड बसवेना. नकाशा मात्र रोज उघडायचा. "आपल्याकडचे रूळ लांब जातेत गं, वळून येत न्हाईत."

मी म्हटलं, "मग रुळाचाच गोल कशाला? पुढच्याच स्टेशनापर्यंत, चुडाव्यापर्यंत गाडीनं जा, तिथून रस्त्यानं ऑटोनं या."

"रस्ता काय गोलात धरतेत का?" रेल्वेच्या माणसाला राग आला. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या ओट्यावर हजर, "चल, तू बी चल."

एवढंसं अंतर, पण मामी खिडकीतून शेतं बघत बसल्या. ऑटो दारात आला. त्या स्वतःहून उतरल्या, उंबरा ओलांडला, भिंतीवरून हात फिरवला. मग वळल्या आणि मामांना हात जोडले. "लय उपकार झाले बाबा तुमचे. आता जावा तुमी. घरचे येतील माझे, परका माणूस बघून काय म्हणतील?"

मामांनीही हात जोडले. "बराय, येतो बाई," म्हणाले आणि आमच्या ओट्यावर येऊन बसले. माझ्या डोळ्याला धार लागली. ते मात्र म्हणाले, "पोचली ना घरी, बास झालं."

त्यानंतर गाठोडं कधी बांधलं गेलं नाही, आणि मामाही घरात गेले नाहीत. आमच्याच पुढच्या खोलीत राहिले. मामींचं जेवणखाण, रात्रीची सोबत मी बघायचे. रोज दारात उभं राहून "पाणी मिळंल का बाई?" विचारायचे. मामी तांब्या द्यायच्या, कुठल्या गावचे म्हणून चौकशी करायच्या.

हिवाळ्यात मामी गेल्या. बायका जमल्या, मामा स्वतःच्याच ओट्याखाली उभे. मी म्हटलं, "आता तरी आत या."

"तिनं बोलावलं न्हाई अजून."

मी आत गेले, मामींच्या उशाशी बसले आणि सगळ्या बायकांसमोर विचारलं, "मामी, ते पाणी मागणारे आलेत दारात. येऊ द्यायचं का?" वाकून त्यांच्या तोंडाशी कान नेला. मग बाहेर येऊन सांगितलं, "या म्हणायल्यात."

मामांनी चपला काढल्या आणि आत गेले.