सकाळपुरती मास्तरीण

वर्ष सरत आलं होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्याशा ऑफिसात सासू-सून चहा पीत बसल्या होत्या. सुनेने सहज विचारलं, "आई, अर्धी निवृत्ती घेऊन तुम्हाला वर्ष झालं की हो. कसं गेलं?"

"कसं जायचंय? काही घडलंच नाही," बाई म्हणाल्या आणि कपात बघत स्वतःशीच हसल्या.

बाई म्हणजे क्लचबाई. हे नाव शिकणाऱ्यांनीच कधीतरी ठेवलं होतं, कारण "क्लच! अहो, क्लच दाबा!" हा त्यांचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून जायचा. अर्धं गाव त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकलं होतं. दाताचे डॉक्टर, बेकरीवाला, कोर्टातले कारकून, एवढंच काय, हल्ली चौकात शिट्टी वाजवणारा पोलीससुद्धा त्यांचाच शिष्य. पण साठी ओलांडली आणि कंबर कुरकुरायला लागली. डॉक्टरांनी दिवसभर गाडीत बसायला बंदी केली, तेव्हा बाईंनी स्कूलच्या किल्ल्या सुनेच्या हाती दिल्या. स्वतःकडे फक्त सकाळचे शिकणारे ठेवले. दुपारनंतर घरी.

ही दुपार सुरुवातीला त्यांच्या अंगावर यायची. कपाटं आवरून झाली, पडदे धुऊन झाले, धुतलेले पडदे परत धुऊन झाले. मग काहीतरी निमित्त काढून त्या ऑफिसात यायच्या आणि सुनेच्या मागे उभ्या राहून सुस्कारे टाकायच्या. पंधरवडाभर सुनेने सोसलं. मग एक दिवस शांतपणे म्हणाली, "आई, तुम्ही शेजारी बसून मला गाडी शिकवलीत तेव्हा शेवटच्या दिवशी काय म्हणाला होतात?"

"काय?"

"आता मी उतरते. तू एकटी चक्कर मारून ये."

बाईंनी पर्स उचलली आणि घरचा रस्ता धरला. थोडा राग आला होता, पण कोपऱ्यावर पोचेपर्यंत हसूही आलं. पोरगी आपल्याच तालमीत तयार झाली होती, तक्रार तरी कुणाकडे करणार?

त्याच आठवड्यात, एका दुपारी, दारात वन्सं उभ्या.

वन्सं म्हणजे बाईंची थोरली नणंद, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. इस्त्रीची साडी, ताठ मान, आणि समोरच्याच्या वाक्यातली चूक वाक्य संपायच्या आत दुरुस्त करायची सवय. बाई लग्न होऊन घरात आल्या आणि त्यांनी ड्रायव्हिंग शिकवायचं काढलं, तेव्हा वन्संनी भर पंगतीत विचारलं होतं, "आता आमच्या घरची सून रस्त्यावर आरडाओरडा करत हिंडणार का?" बाईंनी तेव्हा ते ऐकून घेतलं होतं. पण विसरल्या नव्हत्या. तेव्हापासून दोघींचं नातं कसं, तर सणासमारंभाला हसून बोलायचं आणि लवकर निघायचं.

पाणी दिलं, पंखा लावला. वन्संनी इकडचं तिकडचं विचारलं. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "अगं, मला गाडी शिकव."

आतल्या खोलीत पेपर वाचत बसलेला त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे बाईंचा नवरा, चष्मा हातात घेऊन बाहेर आला. "ताई, ह्या वयात?"

"तुला विचारलेलं नाही," वन्सं म्हणाल्या. नवरा आल्या पावली आत गेला.

बाईंनी कारण विचारलं नाही. गरजू माणसाला कारण विचारायचं नसतं, एवढं त्या धंद्यात शिकल्या होत्या. म्हणाल्या, "उद्या सकाळी सातला या. साडी नको, आणि चपला पट्ट्याच्या घाला."

वन्सं आपल्या मुलीचा पंजाबी ड्रेस घालून आल्या. रस्त्याचे सगळे नियम तोंडपाठ करून आल्या होत्या. कुठल्या खुणेचा अर्थ काय, कुठे थांबायचं, कोणाला आधी जाऊ द्यायचं, काहीही विचारा. फक्त गाडी पुढे जाईना. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची.

"क्लच! वन्सं, क्लच हळू!"

"ओरडू नकोस. मला ऐकू येतं."

"तुम्हाला येतं हो, पायाला येत नाही तुमच्या!"

वन्संनी वळून बघितलं. शाळेत ह्या नजरेने वर्गच्या वर्ग गार पडायचे. पण बाई शेजारच्या सीटवर बसल्या होत्या, आणि ती सीट त्यांची होती. क्षणभराने वन्संनीच मान खाली घातली आणि पुन्हा किल्ली फिरवली.

पुढे एकदा भर चौकात गाडी बंद पडली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढीचना. बाईंनी किल्लीकडे हात नेला. वन्संनी मात्र काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "एकदा वाजवलास, ऐकलं. पुन्हा वाजवलास तर गाडी लवकर सुरू होणार आहे का?" टेम्पोवाल्याने हॉर्नवरचा हात काढला. वर "सावकाश होऊ द्या, मॅडम" म्हणाला. बाई हसता हसता इतक्या वाकल्या की त्यांची दुखरी कंबर धरली. वन्सं आधी रागावल्या, मग त्याही फसकन हसल्या. इतक्या वर्षांत दोघी एकत्र अशा पहिल्यांदाच हसत होत्या.

त्या दिवशी गाडी एका झाडाखाली लावून वन्सं आपणहून बोलल्या.

"ह्यांना आता जवळजवळ दिसत नाही गं. गाडी तशीच अंगणात उभी आहे. तुला ठाऊकच आहे, ह्यांना गाडीचं किती वेड. परवा बघितलं तर आत जाऊन बसलेले. स्टिअरिंगवर हात ठेवून, रेडिओ लावून. मी विचारलं, कुठे निघालात? तर म्हणाले, तळ्यावर." वन्संनी नाक पुसलं. "मी दारातच उभी राहिले. मला न्यायचं होतं त्यांना तिथे, आणि मला गाडी येत नव्हती."

बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "एक विचारू? त्या पंगतीत तुम्ही मला आरडाओरडा करणारी म्हणाला होतात."

"म्हणाले होते. फार शहाणी होते ना मी तेव्हा," वन्सं म्हणाल्या. "आणि खोटं काय बोलले? ओरडतेसच तू."

तो विषय तिथे मिटला.

पहिल्या परीक्षेत वन्सं नापास झाल्या. चढावर गाडी मागे घरंगळली, आणि वर त्यांनी तपासणाऱ्या साहेबांना "तुमची सूचना अपुरी होती" असं सुनावलं. 

"आयुष्यात पहिल्यांदा नापास झाले मी," परत येताना त्या म्हणाल्या.

"कसं वाटतंय?"

"वाईट वाटतंय." मग जरा थांबून, "आणि खरं सांगू? जरा तरुणही वाटतंय."

त्यानंतर महिनाभर रोज सकाळी चढ. बाईंनी आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवला नाही आणि ओरडणं गिळलं, हे दुसरं जास्त कठीण गेलं. दुसऱ्या खेपेला वन्सं पास झाल्या. साहेबांना त्यांनी वाकून धन्यवाद दिले. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग एका दुपारी अंगणातली गाडी निघाली. पुढे वन्सं आणि त्यांचे यजमान, म्हणजे बाईंचे भावोजी, मागे बाई आणि नवरा. नवऱ्याने दाराची मूठ घट्ट धरली होती. भावोजी मात्र खुशीत होते. डोळे मिटून, नुसत्या धक्क्यांवरून रस्ता सांगत होते. "हा पूल. आता डावीकडे लाकडाची वखार, वास आला ना? आता उतार." तळ्याकाठी उतरल्यावर त्यांनी वाऱ्याकडे तोंड केलं आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. वन्सं त्यांचा हात धरून होत्या. 

परत गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "छान चालवतेस. फक्त गिअर जरा लवकर टाकतेस."

"आता तुम्हीसुद्धा?" वन्सं म्हणाल्या, आणि मागच्या सीटवर हशा पिकला.

ऑफिसातला चहा संपला. सून नव्या वर्षाच्या वेळा ठरवत होती. म्हणाली, "आई, कंबर आता बरी आहे तर मंगळवारी दुपारी दोघीतिघींना घ्याल का शिकवायला?"

"छे गं, मंगळवारी दुपारी नाही जमायचं. आम्ही चौघं फिरायला जातो."

"गाडी कोण चालवतं?"

"वन्सं."

"आणि तुम्ही काय करता?"

"मी खिडकीतून बाहेर बघते," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं ह्याच रस्त्यांवरून फिरले, पण नजर सगळी समोर. आपल्या गावात इतकी झाडं आहेत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

सुनेने दोन्ही कप उचलले. मंगळवारच्या दुपारचे शिकणारे तिने स्वतःकडे घेतले.