ते फुटाणे आमचे होते

“हे फुटाणे कोणी आणले?”

मंडळाच्या सेक्रेटरींनी कागदी पुडा दोन बोटांनी उचलून विचारलं. गणपतीची आरती नुकतीच संपली होती. शेजारी पेढ्यांची परात. माझे बाबा मागे, चपलांपाशी उभे. सेक्रेटरी माझ्याकडे वळले. “तुझे का रे?”

मी म्हणालो, “नाही जी. माहीत नाही.”

बाबांनी ऐकलं. पुडा खिडकीत ठेवला गेला. मी पेढा घेतला. खाल्लासुद्धा.

जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाची रीत अशी, की ज्या घरचा त्या दिवशीचा प्रसाद, त्याच घराच्या हाती आरतीचं ताट. प्रसाद सगळ्यांना पुरला पाहिजे, शोभला पाहिजे. बाबा नेपियर टाउनमधल्या कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायचे. मांडव बांधायला सगळ्यांत आधी तेच हजर. ताट कधी हाती आलं नाही. त्या दिवशी ते फुटाणे-गूळ घेऊन, एक दिवस ताट आपल्याला मिळेल का, हे विचारायला आले होते. त्यांनी विचारायच्या आधी मी उत्तर देऊन टाकलं.

पुढच्या वर्षी आई म्हणाली, “चला न मंडळात.”

“काहून? घरी देव नाही का?”

मग बाबा लग्नांना, बारशांनाही जाईनासे झाले. लोक म्हणत, माणूस तिरसट आहे. मीही आयुष्यभर तेच सांगत आलो. ते खोटं होतं.

मला सिव्हिल लाइन्समध्ये सरकारी नोकरी लागली. मी पेढे नेले. ताट मिळालं. बाबा घरी बसून असायचे, तेव्हाही. ते वारले, त्यानंतरही.

यंदा मंडळाच्या बैठकीत एक ऑटोवाले बायकोसोबत आले. म्हणाले, “एक दिवस आरती आम्हाला भेटेल का जी? गूळ-फुटाणे आणू.”

खजिनदार म्हणाले, “भैया, बाप्पाला पिकनिकला नेऊन राहिले का?”

सगळे हसले. माझंही तोंड हसायला उघडलं होतं. तेवढ्यात ती बाई चपला शोधायला वाकली.

मी उठलो. “माझा दिवस यांना द्या.”

ऑटोवाल्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “नाही काका. तुमचा तुम्हाला राहू द्या. आम्हाला आमचा पाहिजे.”

आणि ते गेले.

मी खाली बसलो नाही. म्हणालो, “ते फुटाणे आमचे होते.” कोणाला काही कळेना. मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाबांचं नाव घेऊन सांगितलं.

खजिनदार म्हणाले, “अच्छा, चलो, चहा घ्या काका. बीपी वाढेल.”

मी चहा घेतला नाही. प्रसादाची अट जाईपर्यंत त्या ताटाला माझा हात लागणार नाही. दर बैठकीत हाच विषय काढीन. कंटाळोत. आरतीला मात्र रोज जाईन. चपलांपाशी उभा राहीन. कोणी विचारलं, इथे काहून, तर सांगीन. यावेळी माहीत नाही म्हणणार नाही.