दोन देशांकडून समता

वरवट बकालच्या समताला एका जागी बसवत नसे. वडील निवृत्ती भाजीपाला पिकवायचे. वांग्याच्या वाफ्याशेजारच्या मोकळ्या जागेत ती चुलतभावांना लेगस्पिन टाकायची. चेंडू वळला की भाऊ चिडायचे. शाळेतल्या सरांनी तिला निवड चाचणीसाठी दोनदा नागपूरला नेलं, दोन्ही वेळा ती अखेरच्या फेरीत गळली. तिसऱ्यांदा तिनं जायचंच नाकारलं आणि बुलढाण्याला नर्सिंगला नाव घातलं.

नर्स होऊन ती मस्कतला गेली. तिथल्या दवाखान्यात अपेक्षा भेटली, मूळची मलकापूरची. समताला खोली मिळेना म्हणून अपेक्षानं आपल्या खोलीत जागा दिली आणि शुक्रवारी मैदानावरही नेलं. चारेक वर्षांत दोघी ओमानच्या संघात होत्या. गावी टीव्हीवर नाही, पण निवृत्तींना फोनवर सामना दिसायचा.

"आपला देश सोडून तिकडून काऊन खेळून राह्यली?" निवृत्तींनी विचारलं होतं.

"तिकडं मले खेळवतात, बाबा."

मग दवाखान्याचा करार संपला. अपेक्षा म्हणाली, दुसरीकडं बघू, इथंच राहा. पण समताचा पाय तिथून निघालाच होता. जर्मन भाषा शिकून ती जर्मनीतल्या एका छोट्या गावी कामाला लागली. तिथं थंडी सोसवेना, जेवण रुचेना, बंद हॉलमधल्या जाळीत सराव करताना दम कोंडल्यासारखा वाटायचा. तरी रहिवासाची अट पुरी होताच ती जर्मनीच्या संघात आली. अपेक्षानं फोनवर अभिनंदन केलं आणि लगेच फोन ठेवला.

पुढच्याच मोसमात जर्मनीचा संघ मस्कतला गेला. सामन्याआधी ओमानचं राष्ट्रगीत लागलं, तेव्हा समताचे ओठ आपोआप हलले. शेजारच्या मुलीनं वळून पाहिलं. समतानं मान खाली घातली.

सामना शेवटच्या षटकात गेला. ओमानची शेवटची जोडी, आठ धावा हव्या, समोर अपेक्षा. चेंडू समताच्या हातात आला. उंची दिलेला चेंडू दिसला की अपेक्षा पुढे धावते आणि फसते, हे समताला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं चेंडू सपाट टाकला. अपेक्षानं तो सरळ सीमेपार मारला.

कर्णधार जवळ आली. "काय झालं? हात दुखतोय?"

समतानं नकारार्थी मान हलवली. परत जाताना तिला स्वतःचाच राग आला. पुढचा चेंडू तिनं उंच सोडला. अपेक्षा पुढे आली, चेंडू वळला, यष्टीरक्षकानं बेल्स उडवल्या. जर्मनी जिंकली. मुली येऊन गळ्यात पडल्या, पण समता पाहत होती ती हातमोजे काढत निघालेल्या अपेक्षाकडे.

पॅव्हेलियनच्या मागं अपेक्षानं तिला गाठलं.

"पयला चेंडू मुद्दाम तसा टाकला ना?"

"हाव."

"काऊन? मी भीक मागितली होती का?"

समता बोटावरची चिकटपट्टी सोडवू लागली.

"दुसरा चांगला होता," अपेक्षा म्हणाली. "चाल, पोयी खाऊ घालतो. भाजी आहे घरी."

त्या दौऱ्यानंतर समता सुट्टीवर गावी आली. सरपंच कारभारीरावांनी ग्रामपंचायतीसमोर सत्कार ठेवला. भाषणात ते म्हणाले, "आपल्या समतानं भारताचं नाव मोठं केलं." टाळ्या पडल्या. समता खुर्चीत चुळबुळ करू लागली. बोलायची पाळी आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भारतानं मले घेतलं नाही. मी ओमानकडून खेळली, मंग जर्मनीकडून. दोन्हीकडून जिंकाले खेळली. एक चेंडू सोडून."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. मागं उभ्या निवृत्तींनी मात्र टाळी वाजवली, एकट्यानंच.

आई गीताबाईंनी महिनाभराचे बेत केले होते. पण आठवडा होतो न होतो तोच समता बॅग भरू लागली. निवृत्तींनी तिला मोटारसायकलवर शेगाव स्टेशनला सोडलं.

"सुट्टी बाकी हाय ना अजून?"

"हाव."

"मंग?"

"मस्कतला थांबून जातो, बाबा. अपेक्षासंग सराव करतो दोन दिवस."

गाडी अजून लागायची होती. बाकावर जागा रिकामी असूनही ती फलाटावर येरझाऱ्या घालत राहिली.