आक्काच्या फोनमधली नावं

फोनवर ‘मी’ असं उमटलं, म्हणून हसतच उचलला. आक्काचा नंबर माझ्याकडे याच नावानं येतो. पलीकडं दाजी होते. “तुझी आक्का गेली रं…” एवढंच म्हणाले. मग कितीतरी वेळ निपाणीच्या त्यांच्या गल्लीतली वर्दळ तेवढी ऐकू येत राहिली.

आक्काला पहिला स्मार्टफोन मीच घेऊन दिला आणि घाईत त्यात माझंच ईमेलचं खातं घातलं. झालं! तिनं निपाणीत कुणाचं नाव साठवलं, की ते बेळगावात माझ्या फोनमध्ये आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हजर. आणि नावं तरी कसली… ‘गॅसवाला वरडतोय’, ‘शिलाईवाली उद्या म्हणती’, ‘कडोलीची मावशी लई बोलती’. स्वतःचा नंबर ‘मी’. माझा, ‘धाकटा जेवला का’. एकदा म्हटलं, “आक्का, तुझं खातं वेगळं करून देतो.” तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे की रं. तू कामात असतोस, बोलणं हुत न्हाय. नावं तरी येऊ देत.” मी राहू दिलं. कामाच्या मधेच एखादं नवं नाव दिसायचं आणि दुपार जरा हलकी व्हायची.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी, अशाच एका पेंगुळलेल्या दुपारी, मी कॉम्प्युटरवर तिची नावं वाचत बसलो होतो. बघता बघता गॅसवाला नाहीसा झाला. मग शिलाईवाली. मग मावशी… खिडकीतल्या उन्हात धूळ तरंगत होती आणि आक्का माझ्या डोळ्यांदेखत पुसली जात होती. दाजींना फोन लावला. “दाजी, पुसू नका! तिकडं पुसलं की इकडनंबी जातंय.” “बघवत न्हाय रं,” दाजी म्हणाले, “नाव वाचलं की तिचाच आवाज येतोय.” “मलाबी येतोय. म्हणून तर म्हणतोय…” त्यांनी फोन ठेवला.

एक बटण दाबलं असतं तर दोन्ही फोनांचा संबंध तुटला असता आणि उरलेली नावं माझ्यापाशी सुखरूप राहिली असती. बोट तिथवर गेलंही. पण दाजींना तिकडं एकटं सोडून नावं घेऊन बसणं मला जमेना. मी नुसता बघत राहिलो. त्या दुपारी आणखी एकही नाव गेलं नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. ‘मी’. क्षणभर खरंच वाटलं… पण दाजी होते, आक्काच्या फोनवरून. कामाशिवाय कधी फोन न करणारा माणूस. जरा अडखळले, मग समोर लिहिलेलं वाचावं तसं म्हणाले, “धाकट्या… जेवलास का रं?”