भिकार घंगाळ

नवं भांडं पुरं झालं की काका ते कानाजवळ धरायचे, मधल्या बोटाने टिचकी मारायचे, डोळे मिटून नाद विरेपर्यंत ऐकायचे आणि म्हणायचे, “बिघडलं. भंगारात घाला.” म्हणजे भांडं उत्तम झालं, असं आपण समजायचं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन नाशिकला आले. आमचं घर तांबट आळीच्या तोंडाशी, सारी आळी ज्यांना काका म्हणायची त्या तांबटाचं दुकान अगदी समोर. सकाळपासून तांब्याच्या पत्र्यावर हातोडे पडायचे. तुम्हाला वाटेल, डोकं उठत असेल. पहिले काही दिवस उठलं; मग त्या ठोक्यांशिवाय दुपारचा डोळाच लागेना. अजूनही कधी दुपारी पडले की अर्धवट झोपेत ती आळी ऐकू येते, आणि त्या गलबल्यात काकांचा हातोडा मला वेगळा ओळखू येतो.

सरळ बोललं तर पाप लागेल, अशा थाटात काका बोलायचे. भर उन्हातून आलेल्याला विचारायचे, “थंडी वाजतेय का?” भांडं कधी मिळेल म्हणून घाई करणाऱ्याला, “फार लवकर आलात, तांबं अजून खाणीतून निघायचंय.” मी शाळेत मराठी शिकवायचे. उपरोध शिकवताना पुस्तकातलं उदाहरण सोडून मी काकांचं सांगायचे. पोरांना लगेच कळायचं.

मात्र हे नाणं आळीबाहेर चालत नसे. एकदा पेठ तालुक्यातल्या खेड्याकडचा एक म्हातारा लेकीच्या लग्नासाठी सांगितलेला हंडा न्यायला आला. काकांनी टिचकी मारली. “बिघडला. भंगारात घाला.” म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. “मंग ऱ्हाऊ द्या,” म्हणाला आणि चालू लागला. काकू पिठाच्या हातांनी आळीच्या टोकापर्यंत त्याच्यामागे धावल्या. “अहो बाबा, हंडा चांगला आहे, माणूस बिघडलाय!”

काकू बोलण्यात काकांच्या वरचढ. प्रत्येक भांडं आधी त्यांच्यापुढे जायचं. “कसलं भिकार केलंय!” त्या म्हणायच्या. “तुझ्या माहेरची बघून शिकलो,” काका म्हणायचे. नवऱ्याने बायकोचं आणि बायकोने नवऱ्याचं तोंडावर कौतुक करायचं नाही, अशा घरांत वाढलेली ही माणसं. उभ्या संसारात दोघांनी एकमेकांना एकही गोड शब्द सरळ दिला नसेल. दिले ते उलटे करून दिले, आणि घेणाऱ्याने न चुकता सुलटे करून घेतले. मला त्यांचा हेवा वाटायचा.

तांबटाचे कान त्याचा हातोडाच खातो. ऐंशी सालाच्या सुमारास काकांचे कान पार गेले. ओठ बघून त्यांना शब्द कळायचे. पण उपरोध शब्दांत कुठे असतो? तो सुरात असतो, आणि सूर काही ओठांवर दिसत नाही. त्यात टिचकीचा नादही येईनासा झाला. भांडं कानाशी धरून काका नुसतेच उभे राहायचे. ‘बिघडलं’ म्हणणंही त्यांनी सोडलं. आपला हात गेला, ही धास्ती त्यांच्या मनात घर करून बसली होती.

अशात त्यांनी एक घंगाळ घडवलं. मी दूधवाल्याची वाट बघत दारात उभी होते. घंगाळ खरोखर सुरेख होतं. आंघोळीचं पाणी काढावं आणि आंघोळ विसरून त्यात बघत बसावं असं. काकू नेहमीसारख्या म्हणाल्या, “कसलं भिकार घंगाळ!” काका त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी मान हलवली, घंगाळ उपडं घातलं आणि हातोड्याने चेपून टाकलं.

दुपारी काकू माझ्याकडे येऊन बसल्या. “बाई, तुम्ही मराठी शिकवता ना? ‘चांगलं झालंय’ हे कसं म्हणतात ते सांगा. माझ्या तोंडातून निघत नाही हो.” असं म्हणून रडल्या. मलाही रडू आलं.

काका बरेच दिवस हातोड्याला शिवले नाहीत. शेवटी काकूंनीच पत्रा त्यांच्यापुढे आणून टाकला, आणि त्याच मापाचं दुसरं घंगाळ झालं. ते काकांनी काकूंपुढे धरलं, नजर त्यांच्या ओठांवर. काकूंनी पदर खोचला आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडल्या, “चांगलं झालंय! फार चांगलं झालंय! तुमचा हात चांगला आहे!”

आळीतले हातोडे थांबले. तिथे दिवसाउजेडी एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. माणसं स्वप्नात असल्यासारखी आपापल्या दारांत उभी होती.

काकांनी घंगाळ हलकेच खाली ठेवलं. मग म्हणाले, “ओरडतेस कशाला? बहिरा आहे का मी?”

तिथून पुढे काकू त्यांच्याशी सरळच बोलल्या, आणि मोठ्याने. काका बाजारात निघाले की, “लवकर या, तुमच्याशिवाय करमत नाही!” हे अख्ख्या आळीला ऐकू जायचं. लोक हसायचे. काका तिरकस उत्तर द्यायचे ते द्यायचेच.

काका गेले तोवर आळीतल्या निम्म्या दुकानांत स्टीलची भांडी आली होती. ते घंगाळ काकूंनी विकलं नाही. एका दुपारी मी गेले, तर दाराशी बसून चिंचेने ते घासत होत्या. उन्हाचा कवडसा घंगाळावरून भिंतीवर पडून हलत होता. घासून झाल्यावर त्यांनी टिचकी मारली. नाद विरेपर्यंत आम्ही दोघी ऐकत बसलो. मग काकू अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “कसलं भिकार घंगाळ!”

“काकू, पुन्हा भिकार?”

“मग काय,” त्या म्हणाल्या. “आता येत असेल त्यांना ऐकू.”