खुंटीवरचा पांढरा कोट

आमच्या कॅज्युअल्टीत कपड्यांच्या रंगावरून माणूस ओळखावा अशी सोय केलेली आहे. आम्ही सिस्टर गडद निळ्या स्क्रबमध्ये, डॉक्टर हिरव्या, मदतनीस मावशी आणि मामा मरून रंगाच्या. दारापाशी तसा फलकही लावलाय. तो आजवर कुणी वाचल्याचं माझ्या पाहण्यात नाही. बाई दिसली की सिस्टर आणि बाप्या दिसला की डॉक्टर, हा लोकांचा साधा नियम. त्यामुळे स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांना लोक हात जोडून विचारतात, "डॉक्टर, वाचेल ना हो?" मामा बिचारे "वाचेल, वाचेल" म्हणून पुढे जातात. त्यावरून मी त्यांना एकदा चांगलंच झापलं होतं. म्हटलं, "मामा, जे आपल्याला माहीत नाही ते आपण सांगायचं नाही." माझी जीभ तशी पहिल्यापासून तिखटच.

मी नोकरीला लागले तेव्हा आमचा युनिफॉर्म पांढरा होता. तो जाऊन निळे स्क्रब आले, तेव्हा मी सुटले. पांढऱ्यावर पडलेलं रक्त थंड पाण्यात कितीही भिजवा, कुठेतरी पिवळट कडा राहतेच. आईला मात्र तो बदल फार लागला. आम्ही बौद्ध. आमच्यात पांढऱ्याला मान. वंदनेला पांढरं, लग्नात नवरीला पांढरं आणि गेलेल्या माणसालाही पांढरंच. मुलगी पांढऱ्या कपड्यांत कामाला जाते हे तिला चारचौघींत सांगता यायचं. निळे कपडे बघून ती म्हणाली, "गॅरेजात लागल्यासारखी दिसतेस." दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, त्यावर पोट धरून हसला आणि पुढे वर्षभर मला "मेकॅनिक" म्हणून हाक मारत राहिला. स्वतः तो बुधवार पेठेत अँप्लिफायर दुरुस्त करायचा, म्हणजे खरा मेकॅनिक तोच.

आता आमच्या विभागात पांढरा कोट एकच उरलाय. स्टोअरच्या दारामागे खुंटीला असतो. आमच्या मोठ्या सरांचा जुना कोट तो. एकदा ते एका बाईंना नवरा गेल्याचं सांगायला तसेच बाहेर गेले होते. छातीवर रक्ताचा डाग होता. सर बोलत होते आणि बाई त्या डागाकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "हे त्यांचंच का?" दुसऱ्या दिवशी सरांनी घरून कोट आणून टांगला. तेव्हापासून कुणी गेलं की जो डॉक्टर सांगायला जाणार, तो आधी स्टोअरमध्ये जातो, स्क्रबवरून तो कोट चढवतो, सगळी बटणं लावतो आणि मग बाहेर येतो. आम्ही आपसात "गेले" म्हणतच नाही. "कोट घेतला" म्हणतो. एवढ्यावर सगळ्यांना कळतं.

हॉस्पिटलच्या धुलाईत तो पिवळा पडायचा, म्हणून माझ्या सुट्टीला मी तो घरी न्यायचे. आई त्याला नीळ द्यायची, कडक इस्त्री करायची. एक बटण तुटलं तर तिने दादाच्या जुन्या शर्टाचं काढून लावलं. ते बाकीच्यांपेक्षा जरा लहान होतं. कोट मोठ्या डॉक्टरांचा आहे एवढंच मी तिला सांगितलं होतं. तो कशासाठी आहे ते सांगायचा धीर झाला नाही.

दादाला आणलं ते भर दुपारी. दुकानातच छातीत कळ आली, खुर्चीवरून घसरला. शेजारच्या दुकानदाराने रिक्षात घालून आणलं आणि वाघोलीला आईलाही फोन केला. मी तेव्हा स्वारगेटच्या एका अपघाताच्या पेशंटपाशी होते, कपडे त्याच्या रक्ताने भरले होते. मी धावले तर सर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बाहेर." आपल्या माणसाला आपण हात लावायचा नाही, हा नियम मीच नव्या मुलींना शिकवते. मी बाहेर आले.

बाहेरच्या बाकावरून काचेतून स्टोअरचं दार दिसतं. दादाभोवती ओढलेल्या पडद्याकडे मी बघितलंच नाही. त्या दारावर नजर लावून बसले. कुणी त्या दाराकडे जाऊ नये, एवढंच मनात म्हणत होते. कितीतरी वेळ कुणी गेलं नाही. तेवढ्यात आईचा फोन आला. ती रिक्षात होती, मागे हॉर्नचा आवाज येत होता. "कसा आहे गं?" ती विचारत होती आणि त्याच क्षणी पडदा सरकवून सर बाहेर आले. हिरव्या कपड्यांत. स्टोअरकडे न वळता सरळ माझ्याकडे येऊ लागले. अंगावर कोट नव्हता.

मी आईला म्हटलं, "आहे. दादा आहे. ठीक आहे. तू सावकाश ये." आणि फोन ठेवला.

सर जवळ आले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "सिस्टर, तुमच्यासमोर कोट घालून कसा येणार होतो मी? लांबूनच कळलं असतं तुम्हाला. जवळ कुणी नसताना."

त्यांनी माझ्यावर दया केली होती. मला त्यांचा भयंकर राग आला. चूक त्यांची नव्हती हे मला कळतं, पण तो राग अजून येतो.

आईला परत फोन करावा, असं दोनदा मनात आलं. पण चालत्या रिक्षात, एकटीला, काय सांगणार? मी आत जाऊन दादाच्या पायांशी बसले. त्याचे पाय अजून ऊन होते. "मी सांगतो आईंना," सर म्हणाले. मी नको म्हटलं. ठीक आहे असं मी सांगितलं होतं, आता नाही हेही मीच सांगायला हवं होतं. आणि माझ्या अंगावर दुसऱ्याच कुणाचं तरी रक्त होतं. मी स्टोअरमध्ये गेले, कोट घातला, सगळी बटणं लावली.

आई आली ती हातात पिशवी घेऊन. चेहरा घामेजलेला, पण घाबरलेला नाही. "तुम्ही शर्ट कापता ना गं, म्हणून दुसरा आणलाय त्याला," ती म्हणाली. मग तिचं माझ्या कोटाकडे लक्ष गेलं. "परत पांढरं दिलं का तुम्हाला? बरं झालं." तिने ते लहान बटण चिमटीत धरलं. "अगं, हा तर मीच धुतलेला." ती हसली. आणि मग मी तिला सांगितलं.

आणलेला शर्ट तिने त्याला स्वतःच्या हाताने घातला.

पुढे दोन महिने मी कोट घरी नेला नाही. एका सुट्टीला आईनेच विचारलं, "डॉक्टरांचा कोट कुठाय? कोण धुतं आता?" तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. कोट कशासाठी आहे, त्या दिवशी सरांनी तो का घातला नाही, आणि मी फोनवर तसं का बोलले. मला वाटलं, आता कायमचं अंतर पडलं आमच्यात.

"आण तो," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या आईसमोर मळका जायला नको."

आणला. तिने भिजवला, नीळ दिली, वाळवला. इस्त्री करताना त्या लहान बटणापाशी थांबली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "त्या दिवशी तुझा फोन झाला आणि मी रिक्षावाल्याला सांगितलं, पोरगा वाचला माझा. त्यालाही किती बरं वाटलं. तो माणूस अजून तसंच समजत असेल."