साळूने झाकलेली घरं

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. बावीस वर्षं चित्रकला शिकवतेय. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांच्या रेघा सरळ करता करता माझं मनगट गेलं, पण जीभ काही थकली नाही. साळूबद्दल लिहायला बसले तेव्हा आधी हेच लिहिलं, कारण पुढे मी स्वतःची बाजू सावरून घ्यायला बघणार. तसं दिसलं तर वाचणाऱ्याने विश्वास ठेवू नये.

साळू वाघमारे आमच्याकडे सात वर्षं झाडलोट करते. शाळा सुकापूरला. मी लहान असताना इथे भाताची खाचरं होती. आता वर्गाच्या खिडकीतून समोरच्या टॉवरमधली वाळत घातलेली कापडंसुद्धा मोजता येतात. साळू नेऱ्याच्या पुढे, डोंगराखालच्या कातकरीवाडीत राहते आणि सातच्या आत शेअर रिक्षाने हजर असते. वय विचारलं की म्हणते, "आधारवर बघा." आधारवर एक जानेवारी आहे, वाडीतल्या सगळ्यांची आहे तशी. मुलं दर एक जानेवारीला तिला चॉकलेटं देतात, ती पदरात बांधून ठेवते आणि लेकीला देते.

लेक म्हणजे प्रमिला. तीन वर्षांपूर्वी तिला पाचवीत घालायला साळू आली, ती मुख्याध्यापक सरांकडे न जाता माझ्याकडे. का, ते तिलाच माहीत. म्हणाली, "बाय, हिला धावी करायची. धावी झाली का मंग कायपन करूदे. पन माझी पोर ईट पाडनार नाय."

दिवाळी झाली की त्यांची वाडी रिकामी होते. मुकादमाचा टेम्पो येतो. माणसं, भांडी, कोंबड्या, पोरं, सगळी वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तोवर हजेरीपटात त्या पोरांच्या नावापुढे नुसत्या रेघा. साळूचा नवरा काळू अजून जातो. साळू जात नाही, पोरीलाही पाठवत नाही. का, हे सात वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेत आभा आली. ती मुंबईची, तिशीतली, समकालीन कलेत काम करणारी मुलगी. तिला आणायला मी दोन वर्षं अर्ज खरडत होते. शेवटी एका कलासंस्थेने होकार दिला: एक आठवडा कार्यशाळा, शनिवारी त्यांचे लोक बघायला येणार, आणि आवडलं तर पुढची तीन वर्षं दर सत्रात एक कलाकार. मुख्याध्यापक सुभाष सर म्हणाले, "नीताबाई, रांगोळी स्पर्धा असते की आपली! हे आणखी कशाला?" एका पालकांनी तर विचारलं, याचे इंटरमिजिएटला मार्क मिळतात का? मी म्हटलं, "नाही मिळत. जेवल्याचे मिळतात का?" म्हणजे बघा, माझा जीव किती अडकला होता त्यात.

आभाने मुलांना सांगितलं, प्रत्येकाने आपलं घर करायचं, कच्च्या मातीचं. भाजायचं नाही, रंगवायचं नाही. मैदानात उघड्यावर ठेवायचं. दव, ऊन, मुंग्या, पाऊस, जे येईल ते येऊ द्यायचं. घर हळूहळू पुन्हा माती होईल, आणि आपण रोज बघत राहायचं. माझ्या अंगावर काटा आला. या सुकापुरात सिमेंटशिवाय काही न पाहिलेल्या पोरांना हेच दाखवायला हवं, असं वाटलं. साळू तिथेच नळाखाली बादली भरत होती. तिने ऐकलं का, ऐकून तिला काय वाटलं, कोण विचारतो?

पहिल्या दिवशी सगळी घरं तडकली. माती होती शेजारच्या प्लॉटच्या पायाची, आणि आम्हाला कोणाला ती मळता येत नव्हती. साळू झाडू टेकवून लांबून बघत उभी राहिली. मग म्हणाली, "तूस नाय घातलंत." दुसऱ्या दिवशी तिने नेऱ्याहून भाताच्या तुसाचं पोतं आणलं, साडीचा काष्टा मारला आणि पायाने चिखल तुडवायला लागली. मुलं गोळा झाली. टाच कशी मारायची, पाणी कधी थांबवायचं, हे ती न बोलता दाखवत होती. आभा म्हणाली, "मावशी, तुम्हीही एक घर करा ना." साळूने पाय धुतले. "नाय जमत," म्हणाली आणि जिने पुसायला गेली. मला वाटलं, लाजली असेल.

बुधवारपर्यंत मैदानात सव्वाशेच्या वर घरं झाली. कोणाच्या घराला लिफ्ट, कोणाच्या घराला पार्किंग, एकाने तर वॉचमनची केबिनच आधी केली होती. मी फिरून फिरून सगळ्यांचं नीटनेटकं करून घेत होते. सवय जाते थोडीच!

गुरुवारी अवकाळी पाऊस येणार, असं मोबाईलवर आलं. आभाला कोण आनंद! तिने कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, मुलांना व्हरांड्यात बसवलं आणि आम्ही पावसाची वाट बघत बसलो. दुपारी दोनला माथेरानच्या बाजूने आभाळ काळं झालं. पहिले टपोरे थेंब पडले आणि वरच्या मजल्यावरून साळू धावत सुटली.

मी तिला कधी धावताना पाहिलं नव्हतं. तिने स्टोअरमधून गॅदरिंगच्या मांडवाची ताडपत्री ओढून काढली आणि मैदानात घुसली. "धरा! धरा गो!" असं ओरडत होती. आभा म्हणतेय, "मावशी, नको, राहू द्या!" पण ती ऐकतेय कुठे? व्हरांड्यातली तीस-चाळीस मुलंही पळाली आणि ताडपत्रीचं टोक धरून ओढायला लागली. कॅमेरा आडवा झाला. पाच मिनिटांत मैदान झाकलं गेलं, आणि त्या झाकाझाकीत निम्मी घरं पायाखाली चिरडली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षांचे अर्ज, परवा येणारे पाहुणे, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी भर पावसात जाऊन तिच्यावर ओरडले, "अडाणी ती अडाणीच! कोणी सांगितलं होतं तुला? भट्टीवरच राहायचं होतंस, तीच तुझी लायकी!"

बोलले ते बोलले. साळू ताडपत्रीवर दोन्ही हात दाबून तशीच ओणवी राहिली. तिच्या शेजारी ताडपत्रीचं टोक धरून प्रमिला उभी होती, आणि तिच्यामागे आठवी ब चा अख्खा वर्ग.

शुक्रवारी साळू आली नाही, प्रमिलाही नाही. सुभाष सर म्हणाले, "झाल्या प्रकाराचा रिपोर्ट द्या. ठेकेदाराला सांगून दुसरी बाई मागवू." मी लिहायला बसले, रागातच. तेवढ्यात प्राजक्ता नावाची प्रमिलाची मैत्रीण वही दाखवायला आली आणि म्हणाली, "बाई, प्रमिलाचं नाव आता काढणार का? ती रविवारी टेम्पोने जाणार आहे." मी म्हटलं, "कुठे?" ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "भट्टीवर. तुम्हीच म्हणालात ना."

शाळा सुटल्यावर मी स्कूटर काढली. आभा म्हणाली, मी पण येते. वाडीत निम्म्या घरांना आत्ताच कड्या लागल्या होत्या. काळू अंगणात गोधड्यांचं गाठोडं आवळत होता. आम्हाला बघून त्याने खाट पुढे केली आणि आपण बाजूला झाला. साळू चुलीपाशी होती. मी म्हटलं, "साळू, चुकलं माझं." ती म्हणाली, "पानी घ्या."

पाणी प्यायल्यावर मी विचारलं, जे सात वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते. आणि तरी माझ्या डोक्यात एकच: हिला भट्टीची सवय, कच्ची वीट भिजलेली हिला बघवली नाही. तसं मी बोललेही. साळूने मान हलवली.

"ईटा नाय बाय. घरं व्हती ती."

मग तिने सांगितलं. एका दमात नाही. मधेच लाकूड सारत, मधेच कोंबडी हाकलत.

"आठ वर्सं झाली. असाच पाऊस आला, टाइम नसताना. मुकादम बोंबलला, प्लास्टिक टाका. कच्ची ईट भिजली का चिखूल व्हते, सगळी मेहनत जाते. आमी समदी धावलो. ही पाच वर्साची, हिला बारक्यापाशी बसवलेली, तर ही पन धावत आली प्लास्टिक धरायला. सगळ्या ईटा झाकल्या. येक भिजली नाय." तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. "भट्टीवर आमचं खोपटं बी कच्च्या ईटांचंच असतं बाय. नुसत्या रचलेल्या. त्याच्यावर कोन टाकनार प्लास्टिक? बारका आत निजलेला."

आभा रडायला लागली. मला रडूही येईना. सव्वाशे घरं मैदानात मांडून आम्ही पावसाची वाट बघत बसलो होतो. घर विरघळताना बघणं आम्हाला सुंदर वाटत होतं, कारण आमचं कधी विरघळलं नाही.

दारात उभ्या असलेल्या प्रमिलाने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाई, मी माझ्या घरावर दुधाची पिशवी कापून घातली होती. बुधवारी तुम्ही म्हणालात, प्लास्टिक काढ, नुसती माती पाहिजे. मी काढली."

मला आठवत नव्हतं. देवाशपथ आठवत नव्हतं, आणि तेच जास्त लागलं.

आभाने डोळे पुसून विचारलं, "मावशी, मी हे घरांजवळच्या बोर्डवर लिहू? लोकांना कळायला पाहिजे." साळू म्हणाली, "नको. त्ये माझं हाय." आभाने मान डोलावली आणि पुन्हा विचारलं नाही. त्याबद्दल मी त्या मुलीला मानते.

मी साळूचा हात धरला. "तू शाळेत ये. पोरीला पाठव. मला काय बोलायचं ते बोल, पण तिला नेऊ नको."

"मला बोललात त्याचं काय नाय," साळू म्हणाली. "आमी लय ऐकलंय. पन हिच्या वर्गासमोर बोललात. ही म्हनते, आता त्या पोरींत कशी बसू? मी काय सांगू तिला? आठ वर्सं मी हिला त्या टेम्पोपासून लांब ठेवली बाय. आता तीच चढते म्हनते."

काळूने गाठोड्याला गाठ मारली. "रविवारी सकाळी टेम्पो हाय," एवढंच बोलला. माझी मान वर होईना. निघताना प्रमिलाला म्हटलं, "उद्या दहा वाजता ये. ज्यांच्यासमोर बोलले, त्यांच्यासमोरच मी काय ते बोलेन." ती वळून आत गेली.

रिपोर्ट मी घरी जाऊन लिहिला. चूक चित्रकला शिक्षिकेची, असं लिहून खाली सही केली.

शनिवारी पाहुणे वेळेवर आले. संस्थेच्या कुमुदताई, सोबत दोघे. मैदानावर ताडपत्री तशीच होती; आभाने त्यांना सांगितलं की आज घरं दाखवायची नाहीत. त्या गोंधळल्या. सुभाष सर माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. मुलं वर्गवार ओळीत बसली होती आणि आठवी ब मध्ये त्या दोघी बसायच्या तिथे प्राजक्ता एकटी होती. दहा वाजून गेले. फाटकाकडे कोणी नाही.

मी माइक घेतला. म्हटलं, येवोत न येवोत, बोलायचं तर आहेच. "परवा मी साळूमावशींना सगळ्यांसमोर अडाणी म्हटलं. भट्टीवर राहायचं होतं, तीच लायकी, असं म्हटलं. ते वाईट बोलले, खोटं बोलले. मी त्यांची माफी मागते, आणि त्यांच्या मुलीची." पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. आता कार्यशाळा गेली, हे मला तेव्हाच कळलं. गेलीही. पुढच्या सत्रात कोणी कलाकार आला नाही. आभा मात्र स्वतःच्या सुट्टीत येते, तिला कोणी पाठवत नाही.

मी माइक ठेवणार, तेवढ्यात मुलांच्या माना वळल्या. फाटकात साळू उभी होती, आणि प्रमिला युनिफॉर्ममध्ये, दोन वेण्या घट्ट बांधून, सरळ माझ्याकडे चालत येत होती. किती ऐकलं होतं तिने कोण जाणे. तिने हात पुढे केला. मी माइक दिला. तिने एकदा वळून आईकडे बघितलं. साळूने होकारार्थी मान डोलावली.

"माझ्या भावाचं नाव विठू होतं," प्रमिला म्हणाली. "तो दीड वर्षाचा होता. आमचं घर कच्च्या विटांचं होतं, ते पावसात त्याच्यावर पडलं. माझी आई अडाणी नाही. तिला माहीत होतं."

माइक माझ्या हातात देऊन ती आठवी ब च्या ओळीकडे गेली. प्राजक्ता सरकली, तिच्या मागच्या मुलीही सरकल्या, आणि प्रमिला मांडी घालून खाली बसली.